पाठीतले चार बोल्ट

सगळ्यात आधी साबणाची डबी सरकली. चार बोटं सरकली, मग कडेवरून खाली पडली. दीपश्री खुर्चीतून उठली आणि थेट दाराच्या चौकटीखाली जाऊन उभी राहिली. भूकंप झाला की तिथं उभं राहायचं, असं तिनं शाळेत वाचलं होतं. भूकंप वगैरे काही नव्हता. मी होते.

मी तिचं कपडे धुण्याचं मशीन. पांढरं, पुढं गोल काचेचं दार, वय वर्षं सहा. माझ्यामुळे कुणी जीव मुठीत धरून उभं राहील, असं त्या दिवसापर्यंत मला वाटलं नव्हतं. जरा बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

कारखान्यात माझा ड्रम स्प्रिंगांवर टांगला गेला. कपडे पिळताना त्यानं मोकळं झुलावं, म्हणून. प्रवासात मात्र तो आदळू नये यासाठी माझ्या पाठीतून चार लांब बोल्ट घालून त्याला जखडतात. घरी पोचल्यावर ते काढायचे असतात. एवढं साधं आहे हे.

पहिली पाच वर्षं मी हुबळीत, दीपश्रीच्या मावसभावाकडे होते. साकेत फार व्यवस्थित माणूस. बोल्ट काढून, पिशवीत घालून, पिशवीवर नाव लिहून ठेवणारा. त्याच्याकडे मी इतकी शांत होते, की चालू आहे का बंद हे बघायला पाहुणे काचेला नाक लावत. मग त्याची बदली झाली आणि मला दीपश्रीला देऊन टाकायचं ठरलं. साकेतनं व्हिडिओ बघून चारही बोल्ट पुन्हा घट्ट बसवले. टेम्पोतून धारवाडला येईपर्यंत माझ्या ड्रमला धक्का लागला नाही. सप्तापुरातल्या या वरच्या खोलीत त्यानं मला भिंतीला चिकटवलं, नळ जोडला, "झालं बघ" म्हणाला, दोन बशा चुरमुऱ्यांचं गिरमिट खाल्लं आणि गेला. बोल्ट माझ्या पाठीतच राहिले. व्हिडिओ बसवण्यापर्यंतचाच असावा.

आता ड्रमला हलता येत नाही, म्हणून मी सगळीच्या सगळी हलते.

आणि हे कुणाच्या खोलीत? कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही जी दचकते, तिच्या. दीपश्री कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तात्पुरत्या नेमणुकीवर. मी पिळायला लागले की ती कानात बोटं घालते आणि माझ्याकडे बघून "हळू, हळू" म्हणते. एम.एस्सी. झालेली मुलगी.

उपाय मात्र तिनं मनापासून केले. आधी पायांखाली काथ्याचं पायपुसणं. मग रबरी चपला कापून त्यांचे तुकडे. मग आईनं दिलेला नवलगुंदचा जमखाना, ती जाड सतरंजी, चौपदरी घडी घालून. मी इतकी उंच झाले, की साबण घालायला तिला टाचा वर कराव्या लागत. कॉलेजातल्या संगीता मॅडम म्हणाल्या, कपडे कमी टाक. तिनं दोन ओढण्या टाकल्या. इंटरनेटवर कुणी म्हणालं, मशीनवर वजन ठेव. तिनं घरातली सगळ्यात जड वस्तू शोधली. ती स्वतःच निघाली. मग दर धुण्याला ती माझ्यावर चढून बसायची आणि तिथंच उत्तरपत्रिका तपासायची. त्या वर्षी मुलांना मिळालेल्या गुणांबद्दल मी काही बोलणार नाही.

माझ्या मागं बघण्याचा उपाय कुणालाच सुचला नाही. शोभेची बाजू पुढं असते.

खाली घरमालकीण कुसुमावती अक्का राहतात. बुधवारी त्या जिना चढून आल्या.

"वर गिरणी घातलीस काय ग, दीपश्री?"

"नाही हो अक्का. दोनच ओढण्या होत्या."

"दोन ओढण्यांना एवढं? जमखाना धुतलास तर छतच माझ्या ताटात येईल की. आणि देव्हाऱ्यातला गणपती बघ जा. तुझं धुणं झालं की भिंतीकडं तोंड करून बसायलाय. मी रोज सरळ करायचं, त्यानं रोज फिरायचं."

"सॉरी, अक्का."

"सॉरी त्याला म्हण. रविवारपर्यंत बघते बाई. ते मशीन जाऊ दे, नाही तर तू दुसरी खोली बघ."

दुसरी खोली मिळवायला दीपश्रीच्या वतीनं कोण बोलणार? ही मिळवायलाही साकेतच बोलला होता. खोली गेली तर तिला बेळगावला घरी परत जावं लागणार. मग कॉलेज सुटणार, आणि चहापोहे घेऊन पाहुण्यांसमोर बसणं सुरू होणार. तेव्हा बळी कुणाचा जाणार हे उघड होतं. रविवारी अकरा वाजता कमरीपेठेतला भंगारवाला टेम्पो घेऊन येईल, असं ठरलं.

साकेतला तिनं विचारलं नाही. त्यानं प्रेमानं दिलेली वस्तू भंगारात काढतेय, हे त्याला कळलं तर काय वाटेल, म्हणून. एवढं हळवं मन आहे तिचं.

पण मशीन दुरुस्त करणाऱ्या नागोजींचा नंबर तिनं मिळवला होता, हे मान्य करायला हवं. गुरुवारपासून ती फोन लावत होती. आधी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढायची, मराठीत आणि कानडीत. मग घंटा वाजत राहायची. फोन बंद झाला की तिला सुटल्यासारखं वाटायचं, ते मला दिसायचं.

रविवारी सकाळी दहाला तिनं माझ्यात पडदे घातले. जाता जाता तेवढं काम उरकून घ्यावं, असा विचार असेल. पण माझ्यावर चढून न बसता तिनं काचेवर हात ठेवला. म्हणाली, "तुझा काही दोष नसेल ग." अगदी बरोबर. मी पिळायला लागले, जमखान्यावरून घसरत भिंतीपासून हातभर पुढं आले, खालून अक्कांनी काठीनं छत ठोकलं. तिनं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या हातानं पुन्हा तो नंबर लावला.

अकराला वीस कमी होते. पाचवी घंटा. सहावी.

"हां, बोला री."

दीपश्री दचकली. कागद खाली पडला.

"मशीन... आवाज... म्हणजे खूपच..."

"खरखर आहे का धडधड?"

"मला नाही सांगता येत."

"राहू दे, ताई. तुम्ही नका सांगू. फोन मशीनच्या पाठीकडं धरा. तिलाच बोलू द्या."

फोन धरायला दीपश्री पहिल्यांदाच माझ्या मागं वाकली.