पिकअप

"पायलट, झोप लागली की काय?" मागच्या सीटवरून सिस्टरनी विचारलं.

सिग्नल हिरवा झाला होता आणि मागे हॉर्नचा नुसता गोंगाट उठला होता. पायलटने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी ढिम्म. त्याने पाय आणखी रेटला, तेव्हा कुठे ती नाखुशीने पुढे सरकली. शेजारून एक टेम्पोवाला खिडकीतून डोकं बाहेर काढून काहीतरी बोलून गेला. शब्द नीट ऐकू आले नाहीत, पण मतलब पोचला.

"गाडीच उचलत नाही हो," पायलट म्हणाला. "पिकअप गेलाय हिचा. रेस दिली की विचार करत बसते."

"मग दाखवा ना कुणाला तरी. मला उशीर झाला की रात्रपाळीच्या पोरी घरी जायच्या खोळंबतात."

"दाखवतो. आजच दाखवतो."

सिस्टर मुलांच्या वॉर्डातल्या मुख्य नर्स. रोजच्या ये-जा करण्यासाठी पायलटची गाडी त्यांनी लावली, तेव्हा त्यांचे केस काळे होते. पायलट हे नावही त्यांनीच ठेवलेलं. एकदा दोन पाळ्या लागोपाठ करून त्या गाडीत बसल्या, हातात चहाचा कागदी कप होता, आणि पहिला घोट घ्यायच्या आतच त्यांचा डोळा लागला. घराशी गाडी थांबली तेव्हा जाग आली, तर कप हातात तसाच. थेंबसुद्धा सांडला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या वॉर्डाला सांगितलं, "आमचा ड्रायव्हर नाही, पायलट आहे तो." तेव्हापासून फाटकावरचा वॉचमनदेखील त्याला पायलटच म्हणायचा. त्यालाही ते आवडायचं. काही माणसांच्या हाताला चव असते, तशी आपल्या पायाला आहे, असं तो मनातल्या मनात धरून चालला होता. उघड कधी बोलला नाही.

आणि आता हे. कितीतरी आठवडे तो या पिकअपच्या मागे लागला होता. एअर फिल्टर बदलून झाला, प्लग बदलून झाले, नेहमीचा पंप सोडून लांबच्या पंपावरचं पेट्रोल भरून झालं. फरक शून्य. जेवताना मध्येच उठून तो खाली जायचा, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत उभा राहायचा, आणि वर येऊन गार झालेल्या ताटावर बसायचा. टीव्हीसमोर बसला तरी गुडघा सारखा हलत असायचा.

त्या संध्याकाळीही तो असाच खाली जाऊन आला. बायकोने दार उघडलं आणि ती त्याच्या पायांकडे बघतच राहिली.

"अहो, दुसरी चप्पल कुठंय?"

त्याने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी.

"असेल की जिन्यात."

ती खाली उतरून बघून आली. चप्पल पार पहिल्या मजल्यावर, वळणाच्या पायरीवर पडली होती. "दोन मजले एका चपलेवर चढलात तुम्ही. एवढं कसं भान नसतं माणसाला?"

"डोक्यात गाडी आहे गं."

"डोक्यात गाडी, गाडीत डोकं. मी कुठे बसू ते तरी सांगा." ती हसली, तोही हसला. "आणि गोळी घेतलीत का?"

"घेतो." शुगरची गोळी तो आठवेल तेव्हा घ्यायचा. आठवायचं क्वचितच.

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी थेट मेहुण्याच्या गॅरेजवर नेली. बायकोचा हा धाकटा भाऊ. बोलायला मिठ्ठास, कामाला चोख. पायलटने तक्रार सांगितली, ती सांगताना गॅरेजभर तीन फेऱ्या मारल्या, आणि शेवटी एका रिकाम्या डब्यावर बसून पुन्हा उठला.

"भाऊजी, तुम्ही आधी थांबा एका जागी. मला गरगरायला लागलंय," मेहुणा म्हणाला. "एक शक्यता आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला सवय लागते. तुम्ही वर्षानुवर्षं गाडी जपून हाकली, एकदम रेस कधी दिलीच नाही. तो बिचारा समजला, या माणसाला कसली घाई नाही. आता तुम्ही घाई केलीत तरी तो आपला रमतगमत."

"मग त्याला सांग की, घाई आहे म्हणून."

"सांगूया ना. सगळं पुसून कोरं करू. नव्याने शिकेल."

त्याने इंजिनात हवा घेणारी झडप काढून तिच्यावरची काजळी साफ केली. बॅटरीची वायर सोडवली, चहा येऊन पिऊन होईपर्यंत तशीच ठेवली, मग जोडली. स्वतः सीटवर बसून किल्ली फिरवली, पण गाडी चालू न करता ॲक्सिलरेटर सावकाश तळापर्यंत दाबला आणि तितकाच सावकाश सोडला. मग इंजिन सुरू करून एसी, दिवे, रेडिओ सगळं बंद ठेवलं आणि गाडीला कुणी हात लावू नका म्हणाला. इंजिन आधी घरघरलं, मग हळूहळू एका सुरात आलं. पायलट तो सूर ऐकत उभा होता. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला होता.

गाडी रस्त्यावर आली आणि अंगात वारं शिरल्यासारखी पळाली. पाय ठेवताच पुढे! पायलट आनंदाने एकटाच ओरडला. घरचं वळण आलं तरी तो वळला नाही, गावाबाहेरच्या रस्त्याने उगाच एक चक्कर मारून आला. मग घराखाली येऊन हॉर्न वाजवत राहिला, तोवर बायको गॅलरीत आली.

"खाली ये! चक्कर मारून आणतो."

"वेड लागलंय का? गॅसवर दूध आहे."

"बंद कर गॅस!"

ती आली. केस विंचरून, घरातलीच साडी पण वर चांगला स्वेटर घालून. किती दिवसांनी दोघं असे निष्कारण निघाले होते. तिलाही बरं वाटलं. पण थोड्या वेळाने तिने खिडकीवरची कडी धरली ती सोडलीच नाही.

"अहो, धक्के बसतायत."

"नवीन शिकतेय ना गाडी. बसेल हळूहळू."

"पूर्वी तुमच्या गाडीत मी स्वेटर विणायचे," ती म्हणाली. तो जोरात हसला आणि त्याने पुढची गाडी मागे टाकली.

सकाळी सिस्टरना घेऊन तो दवाखान्याच्या फाटकाशी पोचला. वॉचमनने आडवा दांडा वर केला. समोरून एक माणूस खांद्यावर लहान मुलाला घेऊन चालला होता. मुलाच्या पायाला नवंकोरं प्लास्टर होतं, माणसाच्या दुसऱ्या हातात औषधांची पिशवी. तो बाजूला होईल तशी गाडी जेमतेम पुढे घ्यायची म्हणून पायलटने पाय टेकवला. नुसता टेकवला, असं त्याला वाटलं.

गाडीने उडी घेतली.

"पायलट!" सिस्टर किंचाळल्या.

त्याचा पाय ब्रेककडे गेला. गेला असं वाटलं, पण गाडी थांबेना. मग त्याने खाली बघितलं आणि डोळ्यांनी ब्रेक शोधून त्यावर पाय आपटला. बंपर त्या माणसाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. पिशवी खाली पडून बाटली फुटली होती. माणूस मुलाला घट्ट धरून नुसता उभा होता.

सिस्टर दार उघडून धावल्या. आधी मुलाला पाहिलं, मग बापाला. वॉचमनला बोलावून फुटलेल्या काचा बाजूला करायला सांगितल्या, दुसरं औषध मी आतून देते म्हणाल्या. मग त्या पायलटच्या खिडकीशी आल्या. तो अजून दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता.

"काय झालं हे?"

"मेहुण्यानं काल कॉम्प्युटर पुसला. वाट लावली गाडीची, सिस्टर. नुसता पाय ठेवला मी. देवाशपथ, नुसता ठेवला."

सिस्टर त्याच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी विचारायचं त्यांच्या मनात आलं, पण आतून कुणीतरी हाक मारली.

"संध्याकाळी मी बसने जाईन," त्या म्हणाल्या आणि फाटकातून आत गेल्या.

पायलटने गॅरेजपर्यंत गाडी कशी आणली ते त्यालाच कळलं नाही. उतरल्या उतरल्या तो सुरू झाला. "माणूस मेला असता आज! पोर मेलं असतं! काय करून ठेवलंस तू? गाडी शिकवतोस? आधी स्वतः शिक!"

मेहुण्याने हातातलं काम खाली ठेवलं. किल्ली घेतली, गाडी बाहेर नेली, चौकापर्यंत जाऊन आला. खड्ड्यातून आणली, चढावर थांबवून पुन्हा उचलली.

"गाडी ठीक आहे, भाऊजी."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"असं कुठे म्हटलं मी? बसा आत. मशीन लावून बघू."

त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली आणि पडदा पायलटच्या समोर धरला. पडद्यावर एक उभी हिरवी पट्टी होती.

"ही पट्टी म्हणजे तुमचा पाय. तळापर्यंत दाबा बरं."

पायलटने पाय दाबला. पट्टी चढली आणि निम्म्याच्या जरा वर जाऊन थांबली.

"पूर्ण दाबा."

"पूर्णच आहे."

मेहुणा वाकला. भाऊजींच्या गुडघ्यावर त्याने हाताचा तळवा ठेवला आणि खाली रेटला. पट्टी टोकाला जाऊन भिडली.

पायलटने पाय उचलून घेतला.

"आता हलका ठेवा. फाटकाशी ठेवला होता तेवढाच. आणि धरून ठेवा."

पायलटने पाय हलका केला. आपल्या मते हलकाच. पट्टी वर गेली, खाली आली, पुन्हा वर. वाऱ्यावर पडदा हलावा तशी ती हलत होती. पायलटचा पाय मात्र, त्याच्या मते, एका जागी होता.

"तुझं मशीनच बिघडलंय," तो म्हणाला. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

मेहुणा दुसऱ्या बाजूने वाकून आत आला आणि त्याने स्वतःच्या हाताने पेडल थोडंसं दाबून धरलं. पट्टी जिथे थांबली तिथे थांबली. त्याने हात काढला.

"बूट काढा, भाऊजी."

"कशाला?"

"काढा तर."

पायलटने उजवा बूट काढला. मोजा तळाशी काळपट, ओला झाला होता. मेहुण्याने तो हळूच सोलल्यासारखा काढला. टाचेच्या पुढे जखम होती, आणि बूट उलटा केल्यावर त्यातून एक छोटा नट जमिनीवर पडून गडगडत गेला. कालपासून, गॅरेजमधल्या फेऱ्यांपासून, तो त्याच्या बुटात असणार. त्यावर त्याने गाडी चालवली होती. बायकोला फिरवून आणलं होतं. सकाळी पुन्हा तोच बूट चढवून तीन मजले उतरला होता.

"दुखलं नाही?" मेहुण्याने विचारलं.

"नाही."

"आता? इथे हात लावतोय मी, कळतंय?"

पायलटने मान खाली करून पाहिलं. मेहुण्याचं बोट जखमेच्या अगदी कडेला टेकलेलं होतं. "दिसतंय," तो म्हणाला.

मेहुण्याने नजर वळवली. मग उठून स्वच्छ पाणी आणलं, जखम धुतली, कपाटातून कोरा रुमाल काढून बांधला. सगळं करताना तो बडबडत राहिला. हल्ली औषधं चांगली आहेत, आमच्या एका गिऱ्हाइकाचं शुगरमुळे असंच झालं होतं, ताईला मी समजावतो. पायलट ऐकत नव्हता. तो सीटवर कडेला बसून होता, बांधलेला पाय बाहेर सोडून. त्याचा गुडघा हलत नव्हता.

कितीतरी वेळाने त्याने फोन काढला.

"सिस्टर, उद्यापासून दुसरी गाडी बघा."

"रागावलात का? अहो, सकाळी मी घाबरले होते."

"नाही हो, राग कसला."

"मग? काय निघालं गाडीत?"

मेहुणा वायर गुंडाळत होता. त्याचे हात थांबले.

"गाडीत..." पायलट म्हणाला. फोनमधून वॉर्डातलं कुठलंतरी मूल रडत असल्याचा आवाज येत होता. "गाडीत काही नाही निघालं. गाडी चांगली आहे, सिस्टर. माझा पाय गेलाय. त्याला कळत नाही काही. पोर वाचलं ते नशीब."

पलीकडे दार लोटलं गेलं. मग सिस्टरचा आवाज आला, वॉर्डात मुलांच्या आयांशी बोलताना असायचा तसा.

"जखम आहे का कुठे?"

"आहे. टाचेजवळ."

"आत्ताच्या आत्ता इकडे या. मी थांबते. आणि गाडी तुम्ही चालवायची नाही."

"नाही चालवत."

"या मग, पायलट."

मेहुण्याने हात धुतले आणि तो स्टिअरिंगवर बसला. पायलट गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला. दाराला धरून आत बसला, बांधलेला पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आणि सीटच्या पट्ट्यासाठी त्याचा हात सवयीने उजव्या खांद्यामागे गेला. तिथे पट्टा नव्हता. त्याने पुन्हा चाचपलं. मेहुण्याने किल्ली फिरवली नाही. समोरच्या काचेतून बाहेर बघत, तो हात पट्ट्यापर्यंत पोचण्याची वाट बघत बसून राहिला.