खाली सही करणारी

आसावरी फणसे डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होती. सोळा वर्षं त्याच प्रयोगशाळेत. घर तिथून चालत वीस मिनिटांवर. घरात ती आणि तिचे वडील हरिहर. हरिहर ठाण्याच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. प्रतिज्ञापत्रातली तारीख वेगळ्या शाईने लिहिलेली दिसली तरी ते कागद परत पाठवायचे. वकील वैतागायचे, पण यांच्या हातून चुकीचा कागद पुढे गेला असं कधी झालं नाही.

त्यांच्या इमारतीमागून एक नाला जातो. वरच्या अंगाला चाळीसेक कारखाने आहेत. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आसावरीला नाल्याचं पाणी गुलाबी दिसलं. तिने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा एकाने लिहिलं की मॅडम, तुम्हीही केमिकल कंपनीतच आहात ना. तिने तो फोटो ग्रुपवरून पुसून टाकला. आठवड्याभराने तिने स्वतःचं नाव न देता व्हिडिओंचं एक चॅनेल सुरू केलं आणि त्याला ‘नाल्याची नोंद’ असं नाव ठेवलं.

रोज सकाळी सहा वाजता ती खाली उतरायची. मोबाईलसमोर त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरायची, मग बाटलीत पाणी घेऊन आम्ल मोजायची कागदी पट्टी बुडवायची आणि पट्टीचा रंग तक्त्याशेजारी दाखवायची. एका मिनिटाचा व्हिडिओ. त्यात चेहरा नाही, आवाज नाही, कुठल्या कंपनीचं नाव नाही. बहुतेक दिवस पाणी नुसतंच काळपट असायचं. अकरा दिवस मात्र ते गुलाबी किंवा केशरी होतं आणि पट्टी लालभडक झाली होती.

शेजारच्या इमारतीतल्या नंदा म्हात्रे रहिवाशांच्या समितीचं काम बघायच्या. त्यांनी या अकरा व्हिडिओंच्या लिंक जोडून प्रदूषणावर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याकडे तक्रार केली आणि ठाण्याला सुनावणीची तारीख मिळवली. चॅनेल कोणाचं आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

सुनावणीला बारा दिवस उरले असताना आसावरीला मेल आली. तिच्या चॅनेलवरचे अकरा व्हिडिओ दुसऱ्याच्या मालकीचे असल्याची तक्रार आल्यामुळे ते काढले आहेत. तक्रारी एकापेक्षा जास्त असल्याने पूर्ण चॅनेल बंद करण्यात आलं आहे. सात दिवसांत हरकत आली नाही तर ते कायमचं पुसलं जाईल.

तक्रार करणाऱ्या संस्थेचं नाव तिने कधी ऐकलं नव्हतं. मेलमध्ये त्यांच्या वेबसाइटची लिंक होती. तिथे तिचेच अकरा व्हिडिओ होते, तिचाच हात, तिचीच बाटली. फक्त प्रत्येकावर दोन दिवस आधीची तारीख टाकलेली. म्हणजे तीन तारखेचं वर्तमानपत्र हातात असलेला व्हिडिओ एक तारखेलाच प्रसिद्ध झाला होता.

तिने हे सविस्तर लिहून कळवलं. वीस मिनिटांत उत्तर आलं की आपलं म्हणणं तपासलं असून निर्णय कायम आहे. तिने पुन्हा लिहिलं, वर्तमानपत्राच्या मथळ्याला लाल गोल करून चित्र जोडलं. पुन्हा तेच उत्तर आलं, शब्दही तेच. तिसऱ्यांदा लिहिल्यावर तिला कळलं की पलीकडे वाचणारं माणूस कुणी नाही.

एकच रस्ता उरला होता, हरकतीचा अर्ज. त्यात पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर आणि सही द्यायची होती. खाली लिहिलं होतं की ही माहिती तक्रारदाराकडे पाठवली जाईल.

त्या संध्याकाळी तिने वडिलांना सगळं सांगितलं. मूळ व्हिडिओ तिच्याकडे होते, ते पेनड्राइव्हवर घालून नंदाताईंच्या दारात ठेवावेत असं तिच्या मनात होतं. हरिहरांनी नाही म्हटलं. घरच्या फाइलची तारीख कुणीही बदलू शकतं. चॅनेलवर त्या त्या दिवशी चढवल्याची तारीख होती, तिला किंमत होती, आणि नेमकी तीच पुसली जाणार होती.

मग भिंग मागून घेऊन त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

“माझं नाव घाल,” ते म्हणाले.

“बाबा, त्यात लिहिलंय की व्हिडिओ मी स्वतः काढलेत. शपथेवर.”

“वाचलं मी. माझं कोण काय करणार आहे? मला नोकरी नाही.”

आसावरीने वाद घातला नाही. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. तिने त्यांचं नाव टाइप केलं, पत्ता घातला आणि मोबाईल त्यांच्यासमोर धरला. सही बोटाने करायची होती. हरिहरांनी चष्मा नीट केला, हात धोतराला पुसला आणि सही केली. काचेवर ती वेडीवाकडी आली, तरी शेवटची रेघ त्यांच्या सवयीप्रमाणे खाली वळलेली होती. सही झाल्यावर त्यांनी मोबाईल लगेच तिच्याकडे सरकवला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. पाणी पिऊन झालं तरी ते ओट्याशी पाठमोरे उभे होते.

आसावरीने ती पाठ बघितली. मग अर्जावरचं नाव खोडून तिथे स्वतःचं लिहिलं, स्वतःची सही केली आणि अर्ज पाठवून दिला. हरिहर बाहेर आल्यावर तिने त्यांना तेवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि टीव्ही लावला.

पाचव्या दिवशी कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाच्या मृणाल देवधरने तिला बोलावलं. दोघी जवळपास एकाच वेळी नोकरीला लागलेल्या. मृणालने टेबलावर एक छापील कागद ठेवला. तो तिचाच हरकतीचा अर्ज होता. कुठून आला असं विचारल्यावर मृणालने सांगितलं की पाकीट टपालाने आलंय, पाठवणाऱ्याचं नाव नाही, आणि आसपासच्या बऱ्याच कंपन्यांना आलं असावं.

“आपलं पाणी नाही ना त्यात?” मृणालने हळू आवाजात विचारलं.

“मला माहीत नाही गं. म्हणून तर कुणाचं नाव घेतलं नाही.”

सोमवारपासून आसावरीची बदली ठाण्याजवळच्या बाळकुमच्या ऑफिसात झाली. तिथे प्रयोगशाळा नव्हती. ऑर्डरमध्ये कामाची गरज असं कारण होतं.

ऑर्डर हातात आली त्याच रात्री तिने नंदाताईंची बेल वाजवली. नंदाताईंना आधी विश्वास बसेना. मग त्या म्हणाल्या की वर्षभर मी तुम्हाला फाटकात भेटतेय आणि प्रत्येक वेळी तुमच्याशी पार्किंगवरूनच बोललेय.

सुनावणीच्या दिवशी तिघं रिक्षाने ठाण्याला गेली. चॅनेल अजून बंदच होतं. कारखान्यांच्या बाजूचे वकील म्हणाले की ज्या व्हिडिओंच्या मालकीवरच वाद आहे, ते पुरावा म्हणून बघता येणार नाहीत. अधिकाऱ्यांनी लिंक उघडून पाहिली. पडद्यावर करड्या रंगाची चौकट आली, हा व्हिडिओ उपलब्ध नाही.

“मुळात हे काढले कोणी?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

आसावरी उठून उभी राहिली. “मी काढलेत. आसावरी हरिहर फणसे. केमिस्ट आहे, तिथल्याच एका कंपनीत.”

वकिलांनी मागे वळून पाहिलं. अधिकाऱ्यांनी तिला पुढे बोलावलं, तिच्या फोनवर मूळ अकराही व्हिडिओ पाहिले, पट्ट्या कुठून घेतल्या ते विचारलं, आणि तिचं म्हणणं टंकलेखकाला सांगून लिहून घेतलं. हरिहर मागच्या बाकावर बसले होते. कागद छापून आल्यावर त्यांनी तो वाचायला मागितला, एका ठिकाणी वार चुकला होता तो दाखवला, आणि दुरुस्ती झाल्यावरच आसावरीला सही करू दिली.

पाण्याचे नमुने घ्यायचा आदेश निघाला. पहिल्या दोन वेळा काही सापडलं नाही. नमुने घ्यायला माणसं येणार हे वरच्या अंगाला आदल्या दिवशीच कळत असावं, असं नंदाताईंचं मत. तिसऱ्यांदा माणसं न सांगता पहाटे आली आणि दोन कारखान्यांना नोटिसा गेल्या. आसावरीची कंपनी त्यात नव्हती. तिला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं आश्चर्यही वाटलं.

चॅनेल महिन्याभराने परत सुरू झालं. तक्रार करणाऱ्या संस्थेने पुढे काहीच केलं नाही, तिची वेबसाइटही नाहीशी झाली. अकरापैकी दहा व्हिडिओ परत आले. अकराव्याबद्दल विचारलं की तपासणी चालू असल्याचं उत्तर येतं. बाळकुमला तीन महिने काढून आसावरीने राजीनामा दिला आणि ती ठाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागली. तिची बस लवकर असते, म्हणून आठवड्यातले चार दिवस नाल्यावर नंदाताई जातात. व्हिडिओत आता काढणाऱ्याचं नाव सांगितलं जातं.

एका रविवारी चहा पिताना हरिहर म्हणाले, “त्या दिवशी तू माझं नाव खोडलंस.”

“हो.”

“मी आत उभा राहून वाट बघत होतो, तू खोडतेस का ते.”

आसावरीने भांड्यात उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला आणि गाळणं विसळायला ठेवलं.