फर्डिनंडची पर्ल

लोकांना वाटतं, रेडिओवर बोलायचं म्हणजे काय, नुसती तोंडाची वाफ दवडायची. ती वाफ डेनी दवडतो. फोन मी उचलते. आमच्या दक्षिण इंडियानातली माणसं बेसबॉल, फुटबॉल, मोटारींच्या शर्यती आणि कॉलेजचा बास्केटबॉल यांवर जे काही बरळतात ना, ते तुमच्या आधी माझ्या कानावर पडतं. त्यातलं निम्मं मी जागीच गाडते. उरलेलं तुम्ही संध्याकाळी गाडीत ऐकता आणि म्हणता, काय ही माणसं! अहो, गाडलेलं ऐकलं असतंत तर गाडी खड्ड्यात घातली असतीत.

मी व्हर्ना. काचेच्या अलीकडे माझं टेबल, पलीकडे डेनी वॉगलर. कार्यक्रम त्याचा, आवाज त्याचा, गावात मान त्याचा. फोन आला की मी नाव-गाव विचारते, विषय विचारते, आणि मगच पुढे सोडते. सगळ्यांना एकच गोष्ट दहादा सांगते, की बाबांनो, फोनवर बोलताना घरातला रेडिओ बंद करा. ऐकतील तर शपथ.

नाताळच्या सुमारास एक नवा आवाज यायला लागला. "मी पर्ल, फर्डिनंडहून." फर्डिनंड म्हणजे आमच्या जवळचंच एक गाव. म्हातारी, ठसक्यात बोलणारी. विषय एकच, आमच्या सेंट ओडिलो कॉलेजचा बास्केटबॉल संघ, आणि त्यातही त्याचा कोच, क्रेग लुकेन. यंदा संघ मार खात होता. गावातल्या शेंबड्या पोरापासून दात पडलेल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे क्रेगच्या नावाने बोटं मोडत होते. पर्ल तेवढी त्याच्या बाजूने भांडायची. "अरे, एवढी अक्कल माझ्या कोंबड्यांनाही आहे!" असं म्हणून समोरच्याला गार करायची.

कुणाला संशय येऊ नये म्हणून ती मधूनमधून दुसऱ्या खेळांवरही बोलायची. तिथे तिचं पितळ उघडं पडायचं. एकदा म्हणाली, मातीच्या ट्रॅकवर गाड्या वळणावर घसरतात, कारण ती पोरं उपाशीपोटी शर्यतीला येतात. बेसबॉलबद्दल तिचं मत असं, की एप्रिलच्या थंडीत चेंडू टाकणाऱ्याला स्वेटर न घालता उभं करणाऱ्या संघाने जिंकायची आशा धरू नये. डेनी हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. लोकांनाही ती आवडायला लागली होती.

मला मात्र जानेवारीतच कळलं. ती लाइनवर थांबली होती, जाहिराती चालू होत्या. हळूच म्हणाली, "व्हर्ना, काल त्याची मुलाखत ऐकली. घसा बसलाय गं त्याचा. त्याला निरोप दे, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर म्हणावं. लहानपणापासून थंडीत त्याला हा..." आणि जीभ चावली.

"देते हं, पर्ल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती इर्मा लुकेन होती. क्रेगची आई.

ती खोट्या नावाने का बोलत होती, हेही मला कळायला वेळ लागला नाही, कारण त्याचं कारण सगळ्या गावाने बघितलं होतं. डिसेंबरात घरच्या मैदानावर सामना चालू असताना तिच्या मागे बसलेला एक बाप्या क्रेगला शिव्या घालत होता. इर्माकाकूंनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग उठल्या आणि हातातला पॉपकॉर्नचा डबा त्याच्या डोक्यावर पालथा घातला. वर तो डबा टोपीसारखा दाबून बसवला. चारचौघांनी मोबाइलवर काढलं ते, आणि गावभर हसं झालं. सामना संपल्यावर दारात, लोकांच्या देखत, क्रेग तिला म्हणाला, "आई, यापुढे तू सामन्यांना येऊ नकोस. आणि त्या डेनीचा कार्यक्रमही ऐकू नकोस." ती "बरं" म्हणाली आणि कोटाची बटणं लावून निघून गेली. त्यानंतर ती खरंच कधी मैदानात फिरकली नाही. फोनबिन करायचा तो तिला, पण बर्फ पडलं का, गाडी सुरू झाली का, एवढंच. हे तिच्या शेजारणीकडून कळलं.

म्हणून मी तोंडाला कुलूप लावलं. म्हाताऱ्या आईने लेकाची बाजू घेतली तर कुणाच्या बापाचं काय गेलं?

पण दुनिया तेवढी सरळ नाही. ईस्टरआधीचा उपासाचा महिना, लेंट, सुरू झाला, आणि मांस चालत नाही म्हणून दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांची पंगत बसायला लागली. डेनी ताट घेऊन रांगेत उभा होता. कोबीचं सॅलड वाढत होत्या इर्माकाकू. कुणीतरी त्यांना विचारलं, अजून वाढून घ्यायचं असेल तर रांगेत परत मागे जाऊन उभं राहायचं का? काकू फटकन म्हणाल्या, "अरे, एवढी अक्कल माझ्या कोंबड्यांनाही आहे!"

डेनीच्या हातातलं ताट जागीच थिजलं.

सोमवारी तो नाचतच माझ्या टेबलाशी आला. "व्हर्ना! पर्ल कोण आहे माहितीये?"

"माहितीये. कधीपासून माहितीये."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझं हे असं थोबाड होणार म्हणूनच नाही सांगितलं."

"अगं, गुरुवारी क्रेग स्टुडिओत येतोय. पर्लचा फोन येणारच. मी फक्त एवढंच विचारणार, पर्ल, तू कोचला किती दिवसांपासून ओळखतेस? बास. लोक वर्षभर विसरणार नाहीत."

"आणि त्या बाईने वर्षभर चर्चमध्ये कुठल्या तोंडाने जायचं?"

"मी काय तिला फाशी देतोय का?"

"नाही. धिंड काढतोयस. आधीच लेकाला तिची लाज वाटते असं मनात धरून बसलीये ती. आता साऱ्या जिल्ह्यासमोर तो तिला झिडकारेल, आणि तू मध्ये साबणाची जाहिरात वाजवशील."

डेनी माणूस वाईट नाही. माझा नवरा आजारी होता तेव्हा दर रविवारी सूप घेऊन दारात उभा राहणारा हाच. पण माइक समोर आला की त्याची जीभ डोक्याला विचारत नाही. "बघू," म्हणाला. डेनीचं 'बघू' म्हणजे ठरलेलं असतं.

त्यात बुधवारी भलतंच झालं. शेजारच्या कॉलेजशी आमचा सामना. आमचा सगळ्यात भारी खेळाडू, ट्रे बॉनर, आठवडाभर वर्गात फिरकला नव्हता. क्रेगने त्याला बाकावर बसवलं ते शेवटपर्यंत उठवलं नाही. आम्ही हरलो, तेही थोडक्यात. त्याला खेळवला असता तर जिंकलो असतो हे आंधळ्यालाही दिसत होतं. गुरुवारी सकाळी दाढी करायच्या दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत एकच चर्चा, की येत्या सोमवारी कॉलेजची समिती बसणार आणि क्रेगला नारळ देणार.

तशा दिवशी क्रेग आला. टोपी हातात, डोळे खोल गेलेले. मी कॉफी दिली तर कप दोन्ही हातांत धरून बसला. प्यायला नाही.

चार वाजले आणि फोनचे दिवे पेटले. एकजण मातीच्या ट्रॅकच्या शर्यती कधी सुरू होणार ते विचारायला आला आणि जाता जाता म्हणाला, "कोच, तुझी गाडी कुंपणाला धडकलीये, उतर आता." दुसरा फुटबॉलवर बोलता बोलता घसरला, "आमच्या फुटबॉलच्या कोचने असं केलं असतं तर गावाने त्याला घरी चालत पाठवलं असतं." क्रेग प्रत्येकाला शांतपणे म्हणत होता, "खरं आहे तुमचं. राग समजू शकतो मी." मला तर काच फोडून एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

आणि तिसऱ्या लाइनवर तो आवाज. "मी पर्ल, फर्डिनंडहून."

लाइनवर कोण आहे ते डेनीला पडद्यावर दिसतं, तिथे मी तिचं नाव टाकलंच नाही. आवाज खाली आणून म्हटलं, "इर्माकाकू, आज फोन ठेवा."

"तुला कधीपासून कळलंय?" काकूंनी विचारलं.

"बरेच दिवस झाले. आता डेनीलाही कळलंय. तो आज तुम्हाला कात्रीत पकडणार आहे. ठेवा फोन."

"क्रेगला कळलंय?"

"नाही."

"मग एकदाच बोलू दे मला, पर्ल म्हणूनच. त्या पोराला बाकावर बसवलं ते बरोबर केलंस, एवढं कुणीतरी सांगायला हवं ना गं त्याला? सकाळपासून एकाने तरी सांगितलं का?"

कुणीच नव्हतं सांगितलं. मीसुद्धा नाही. तेवढ्यात काचेपलीकडे डेनीने माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा वाचला, आणि आपल्या बाजूचं तीन नंबरचं बटण स्वतःच दाबलं. मेल्याला ते बटण दिलं कुणी, देव जाणे.

"आणि आता लाइनवर, आपली सगळ्यांची लाडकी, फर्डिनंडची पर्ल! बोल पर्ल. कोच समोरच बसलाय."

क्रेगने मान वर केली.

"कोच," ती म्हणाली. आवाजातला ठसका पार गेला होता. "काल तुम्ही त्या मुलाला बसवलंत ते योग्य केलंत. त्याच्या घरचेही कधीतरी तुमचे आभार मानतील. एवढंच सांगायचं होतं. नमस्कार."

"थांब, थांब," डेनी म्हणाला. "एक विचारू का पर्ल? तू कोचला किती दिवसांपासून ओळखतेस?"

फोनमधून तिच्या स्वयंपाकघरातला रेडिओ ऐकू येत होता. बंद केला नव्हता तिने. डेनीचा तोच प्रश्न तिच्या घरात थोडा मागून पुन्हा विचारला गेला. मी खुर्चीतून उठले होते. उठून काय करणार होते, मलाच ठाऊक नाही.

क्रेग माइककडे वाकला. "डेनी, तिला नको विचारूस. मी सांगतो. जन्मापासून ओळखतो मी. ती माझी आई आहे."

डेनी खुर्चीत मागे सरकला.

"जानेवारीपासून मी रोज सरावाआधी जिमच्या मागे गाडी लावतो आणि पर्लचा फोन येईपर्यंत बसून राहतो," क्रेग म्हणाला. "पोरांना वाटतं, कोच डावपेच आखतोय. मी हिचा आवाज ऐकत असतो. ज्या दिवशी ती फोन करत नाही, त्या दिवशी माझं सरावात लक्ष लागत नाही."

आमच्याकडे बोलून झालं की प्रत्येकजण शेवटी म्हणतो, 'ठेवते फोन, पुढचं रेडिओवर ऐकते.' उत्तर समोरासमोर ऐकायला नको, म्हणून काढलेली ही पळवाट आहे. इर्माकाकूंनी तेच केलं. पुटपुटल्या, "बरं. ठेवते फोन. पुढचं रेडिओवर ऐकते."

"आई, ठेवू नकोस. रेडिओ बंद कर आणि माझ्याशी बोल."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग रेडिओ बंद झाला.

"त्या दिवशी दारात मी तुला येऊ नकोस म्हटलं, तेव्हा तू नुसतं 'बरं' म्हणालीस," क्रेग म्हणाला.

"दुसरं काय बोलणार बाळा? मला वाटलं, तुला माझी लाज वाटते. वाटली तर चूक काय त्यात? डबा घातला मी माणसाच्या डोक्यात."

क्रेगला बोलता येईना. रेडिओवर शांतता म्हणजे महापाप. क्षणभर आवाज बंद पडला तर डेनीला घाम फुटतो, काहीही बडबडून तो भोक बुजवतो. त्या दिवशी त्याने बुजवलं नाही. हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि खाली बघत बसला. जाहिरातींची वेळ टळून गेली होती. मी त्या लावल्या नाहीत.

"लाज तुझी नव्हती गं," क्रेग शेवटी म्हणाला. "माझी होती. बर्फातून तू गाडी चालवत यायचीस, आणि मी दर वेळी तुला हरलेला सामना दाखवायचो. तू नसलीस की हरणं जरा सोपं जाईल असं वाटलं मला. नाही गेलं. शनिवारी ये. कदाचित माझा शेवटचाच सामना असेल. जिंकू असं काही सांगत नाही."

"अरे वेड्या," इर्माकाकू म्हणाल्या, आणि आता मात्र त्या रडत होत्या, लपवतही नव्हत्या, "मी सामना बघायला कधी आले होते? मी तुला बघायला येते."

क्रेगने टोपी तोंडावर धरली. मी काचेला पाठ करून डोळे पुसले. तेवढ्यात बाकीच्या सगळ्या लाइन पेटल्या. मी पहिली उचलली, तर मघाचा तोच शर्यतीवाला होता. म्हणाला, "व्हर्ना, मला पुन्हा बोलायचं नाहीये. फक्त एवढं सांग, शनिवारी त्या बाईंना गाडीतून न्यायला कुणी आहे का?"