तीन नंबरचा सिलिंडर

मारुतराव मिस्त्रींनी इंजिनाचं हेड उचललं, आत डोकावले आणि ते हलकेच परत खाली ठेवलं. दुसऱ्याच्या न्हाणीघराचं दार चुकून उघडावं आणि लगेच लोटून घ्यावं, तसं.

"काय झालं?" भीमराजने विचारलं.

"काही नाही. तुम्ही जरा बसून घ्या, भाऊ."

भीमराज गॅरेजच्या दारातल्या जुन्या टायरवर बसला. अर्जुनराव बसले नाहीत. ते कंपनीत इन्स्पेक्शनला होते आणि स्वतः बघितल्याशिवाय बसायचं नाही अशी त्यांची शिस्त होती. त्यांनी हेड उचललं, बघितलं आणि येऊन त्याच टायरवर बसले.

मग भीमराज उठला. इंजिनात चार भोकं होती. एक, दोन आणि चार नंबरात काजळीनं माखलेले पिस्टन होते. तीन नंबरात काहीच नव्हतं. बॅटरीचा उजेड मारला तर थेट खालचं काळं तेल दिसत होतं. पिस्टनचा दांडा जिथे अडकवायचा तिथे कुणीतरी कमरेच्या चामडी पट्ट्याचा तुकडा गच्च गुंडाळून वर क्लँप आवळला होता. दुखऱ्या बोटाला चिंधी बांधावी, इतक्या प्रेमानं.

"चोरी झाली का हो?" भीमराजने विचारलं. तेवढ्यात त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"कसली चोरी! आपण घ्यायच्या आधीच कुणीतरी काढलाय हा. पिस्टन मोडला असणार, नवा मिळाला नसणार. दिली तशीच बंद करून."

म्हणजे चार वर्षं ही विलायती मोटार तीन पिस्टनांवर चालली होती. दोनदा खंडाळ्याचा घाट चढली होती. एकदा तर नवरा-नवरी, करवली आणि वरातीचे दोन पेट्रोमॅक्स घेऊन सांगवीपर्यंत गेली होती. तिला चालताना जो एक हेलकावा होता, तो तिच्या खानदानी चालीचा भाग आहे असं सगळे समजत होते.

मोटार दोघांच्या मालकीची. संत तुकाराम नगरात भीमराज आणि अर्जुनराव भिंतीला भिंत लावून राहत. पुढे वाद नकोत म्हणून घेतानाच वाटणी झाली होती: एक आणि दोन नंबरचे सिलिंडर अर्जुनरावांचे, तीन आणि चार भीमराजचे. त्यात तीन नंबर हा भीमराजच्या घराण्याचा अभिमान होता. दर खेपेला प्लग काढले की बाकीचे काळेठिक्कर निघत, तीन नंबरचा मात्र तेल चोपडून ठेवल्यासारखा लख्ख. "बघा अर्जुनराव," तो म्हणे, "निगा म्हणतात ती ही."

आता मीटरवर शहाऐंशी हजार मैल झाले होते. मारुतराव सहा महिने घोकत होते, की एवढ्या मैलांवर इंजिन एकदा उघडलंच पाहिजे. अर्जुनरावांना ते पटलं होतं. भीमराजला पटत नव्हतं, पण बोलायची सोय नव्हती. तो कंपनीत मेंटेनन्सला होता. बिघडायच्या आधी मशिन उघडा, हे बारा वर्षं तो लोकांना सांगत आला होता. आणि चांगलं चालणारं मशिन उघडलं की पुन्हा पहिल्यासारखं चालत नाही, हे बारा वर्षं तो कुणालाच सांगत नव्हता.

शेवटी आईसाठी त्याने मान तुकवली. छप्पन सालच्या दीक्षेला भिमाबाईंना नागपूरला जाता आलं नव्हतं. धाकटी लेक दोन दिवसांची होती. त्याला अठरा वर्षं झाली. आता गुडघे धरले होते, दसऱ्याच्या गर्दीत रेल्वेत चढणं शक्य नव्हतं. यंदा लेकाच्या मोटारीतून नागपूर, असं त्यांनी साऱ्या वस्तीला सांगून ठेवलं होतं. साडेचारशे मैलांचा रस्ता. दसरा नऊ दिवसांवर.

भीमराज पुन्हा टायरवर येऊन बसला. हळूहळू त्याच्या डोक्यात दुसरंच काही उजाडायला लागलं.

"मारुतराव, मागच्या दिवाळीत तुम्ही चारही पिस्टनांच्या रिंगा बदलल्या होत्या."

मारुतरावांनी हात पुसायला फडकं घेतलं. हात आधीच पुसून झाले होते.

"बदलल्या होत्या."

"तीन नंबरच्या पण?"

"आता राव... तुमचे साहेब आले होते की तपासायला. चार खुणा करून सही केली त्यांनी."

दोघांनी अर्जुनरावांकडे बघितलं.

"मी सँपल बघितलं," अर्जुनराव म्हणाले. "आमच्यात सगळा माल बघत नाहीत. एक रिंग हातात घेतली. चांगली होती."

"इंजिनात बघितलीत?"

"हातात."

"ती अजून आहे माझ्याकडे," मारुतराव मनापासून म्हणाले. "हवी तर दाखवतो."

भीमराज भडकायला उठला आणि अर्ध्यातच थांबला. कंपनीतल्या चाळीस मशिनांचा तक्ता त्याच्या डोळ्यांपुढे आला. तेल पाहिले. पट्टा पाहिला. दर सोमवारी, चहा गार व्हायच्या आत, चाळीस खुणा. तो परत खाली बसला. त्या चाळिसांच्या पोटात आज काय काय नसेल!

"नवा पिस्टन मुंबईहून," मारुतराव म्हणाले. "दांडा लागेल, घासकाम आलं. तीन आठवडे. नाहीतर आहे त्या तिघांना रिंगा घालून मिटवतो."

"मिटवायची कसली? ही गाडी रिजेक्ट!" अर्जुनराव ओरडले. "लाल चिठ्ठी लावा."

"ती चिठ्ठी माझ्या आईला तुम्ही नेऊन द्या," भीमराज म्हणाला.

संध्याकाळी त्यानेच आईला सगळं सांगितलं. भिमाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

"आगं बाई! आन मी त्याच्यात बसून लोणावळ्याला गेले?"

"व्हय."

"आन ह्या अर्जुनरावानं बघितलं व्हतं?"

"बघितलं म्हणाले होते."

त्यांनी पदर खाली घेतला. मग म्हणाल्या, "ऱ्हायलेली तीन तरी हायेत का, त्ये बघितलंस का सवताच्या डोळ्यानं?"

"बघितलं."

"मंग त्या तिन्हींचं सगळं काम डोळ्यानं बघ, आन मला सांग. मी येते."

भीमराजने दोन दिवस रजा टाकली. मारुतरावांच्या डोक्यावर उभा राहून त्याने एकूण एक बोल्ट आवळून घेतला. अर्जुनरावांनी तिन्ही पिस्टनांच्या बाराच्या बारा रिंगा मोजल्या. हयातीत पहिल्यांदाच त्यांनी सगळा माल तपासला. त्या धक्क्यानं ते रात्री जेवले नाहीत.

इंजिन उघडणं फायद्याचं ठरलं का, ह्यावर दोघांचं एकमत कधीच झालं नाही. धूर कमी झाला, हे खरं. पण नागपूरला निघाल्यावर नगर शहराच्या पुढे भीमराजला त्या हेलकाव्यात तीन नंबरची रिकामी जागा ऐकू येऊ लागली. जालन्याला त्याने चहा तसाच सोडला. अमरावतीपर्यंत अर्जुनराव मनातल्या मनात एक, दोन, चार मोजत होते. मागच्या सीटवर भिमाबाई मात्र गाढ झोपल्या होत्या.

नागपूरला दीक्षाभूमीच्या अलीकडे गर्दीनं वाट अडली. भीमराजने मोटार कडेला घेतली, पण इंजिन बंद केलं नाही. बंद केलं आणि पुन्हा चालूच झालं नाही तर? अर्जुनराव भिमाबाईंचा हात धरून निघाले. भीमराज स्टिअरिंगला धरून बसून राहिला. मोटार थरथरत होती, तोही थरथरत होता. पेट्रोलचा काटा खाली चालला होता.

थोड्या वेळानं खिडकीत आई दिसली. अर्ध्या वाटेवरून परत आली होती. मागे घामाघूम अर्जुनराव.

"तू का रं बसलाईस?"

"बंद पडंल, आई."

"पडू दे की. म्या आले न्हवं हितवर? अठरा वर्सांनी आले, आन पोरगा इंजान धरून बसलाय! उतर."

भीमराजने किल्ली फिरवली. मोटार दोनदा आचके देऊन गप्प झाली. त्याने बॉनेटकडे बघितलं नाही. चपला काढून गाडीत ठेवल्या आणि आईचा दुसरा हात धरला.