अंग झाडायचं नाही

नव्या मेट्रनबाई आल्यापासून सहादेवची झोप उडाली होती. बाईंचं नाव मार्था. स्वभावानं फार चांगल्या. संशय यायला तेवढं पुरेसं होतं.

नगरच्या त्या मिशनच्या वृद्धाश्रमात आधीची मेट्रन कुणाला काही विचारायची नाही. सगळ्यांना एकच वरण, एकच दटावणी, आणि म्हातारे कुरकुरत का होईना, जगत होते. मार्थाबाई मात्र खाटेशी बसून विचारायच्या, "बाबा, तुम्हाला काय आवडतं?" कोपऱ्यातल्या खाटेवरचा भीमा म्हणाला, जिलबी. जिलबी आली. मग बाईंनी त्याला न्हाऊ घातलं, भीमानं मजेत अंग झाडलं, आणि शनिवारी भीमा गेला.

"नव्वदीचा होता तो. दमेकरी," शेजारच्या खाटेवरून आमोस मास्तर म्हणाले. मिशनच्या शाळेत जन्म गेल्यानं त्यांना समजावून सांगायची खोड होती.

"दमा त्याला चाळीस वर्सं हुता, मास्तर. जिलबी नवी हुती."

मास्तरांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

सहादेव जामखेडकडचा. त्यांच्याकडं म्हसोबाला बोकड द्यायचा तर आधी त्याला गोडधोड चारायचं, मग अंगावर पाणी ओतायचं. बोकडानं अंग झाडलं की देवाला पसंत. पुढचं बोकडाला सांगत नाहीत. आणि गावाकडं प्यायला पाणी नसताना इथं म्हाताऱ्यांच्या डोक्यावर बादल्या ओतत होते. उगाच?

त्याला मरून चालणार नव्हतं. दुष्काळात विहीर आटली तशी मच्छिंद्रनं, म्हणजे त्याच्या पोरानं, जनावरं छावणीला घातली आणि बापाला इथं. स्वतः नागापूरच्या कारखान्यात लागला. "पाऊस पडला की न्यायला येतो," म्हणाला होता. तेवढा पाऊस पडेपर्यंत टिकायचं होतं.

म्हणून पाळी आली तेव्हा सहादेव सावधपणे म्हणाला, "मुळा."

"मुळा आवडतो?"

"लई."

मुळ्याच्या वासानं त्याला उमासे यायचे. पण नावडतं खाऊ घालून बोकड कापल्याचं कुणी ऐकलंय? बाईंनी मुळ्याची भाजी केली, कोशिंबीर केली, भाकरीतसुद्धा मुळा किसून घातला. सहादेव डोळ्यांत पाणी आणून जेवला. बाईंना वाटलं, घरची आठवण आली.

"बाई, पर तुमी इचारता कशापायी?"

"वीस खाटांवर एकच माणूस झोपलाय का, बाबा? वेगळी माणसं, वेगळी आवड."

बाजारात व्यापारीही असाच एकेक बोकड वेगळा चाचपतो, हे सहादेवला ठाऊक होतं.

पौषातल्या एका सकाळी बाई बादली घेऊन आल्या. "पाणी गरम की गार?"

"गार," सहादेव म्हणाला आणि लगेच पस्तावला.

पहिला तांब्या पडला. सहादेव दगडासारखा बसला. दुसरा पडला. दात वाजायला लागले, ते त्यानं हातानं धरले. दात वाजल्याचं देव धरत नसावा. तिसऱ्या तांब्याला मानेपासून एक शिरशिरी निघाली, पाठीवरून उतरली, आणि सहादेवनं असं अंग झाडलं की बाईंचं पातळ कमरेपर्यंत भिजलं.

"झालं," तो म्हणाला. "पावलं."

"काय पावलं?"

आता लपवून काय करायचं होतं? कुडकुडत त्यानं सगळं ओकून टाकलं. "मला मुळा नगं. पानी कढत लागतं. चिमूटभर तंबाखू लागती. आन् खाट फाटकाकडं तोंड करून पायजे. मच्छिंद्र आला तर मला दिसाया हवा."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"मराया लागलोय म्हून सांगतोय!"

बाईंनी कढत पाणी ओतलं, तंबाखू आणवली, खाट स्वतः फिरवली. सगळं मनासारखं झालेलं पाहून सहादेवचा उरलासुरला धीरही सुटला. फाटकाकडं बघत तो शनिवारची वाट बघत पडला.

शनिवार आला. दुपारी जेवणाची घंटा झाली तरी सहादेव होता. नाडी बघितली. होती. हे प्रकरण त्याला आधीच्याहून संशयास्पद वाटलं.

बराच विचार करून तो उठून बसला, हात लांब केला आणि आमोस मास्तरांच्या ताटातली गूळपोळी उचलून खायला लागला.

"अहो सहादेवराव! ती माझी आवड आहे! मी मागून घेतलीय!"

"मास्तर," सहादेव फाटकावरची नजर न काढता म्हणाला, "अंग झाडूनबी ज्याला कापत न्हाईत, त्यो देवाला सोडलेला बोकड. त्यानं कुनाच्याबी रानात चरावं. त्याला हाकलत न्हाईत."