हलकी मूठ

नागप्पाच्या उजव्या हातानं पहिल्यांदा दगा दिला तो गाडीवरच. होटगी रोडला सिग्नल सुटला, मागच्या रिक्षांनी हॉर्न वाजवले, आणि त्याला ॲक्सिलेटरची मूठ पिळताच येईना.

“चला की ओ,” मागं बसलेली त्याची बायको दाक्षायणी म्हणाली.

“मूठ घट्ट झालीय,” तो म्हणाला आणि पायानं ढकलत गाडी कडेला घेतली.

गाडी जुनी येझदी मोटारसायकल, लग्नाच्याही आधीची. पंप दुरुस्तीच्या दुकानाच्या कमाईवर नागप्पानं घर बांधलं, मुलाला शिकवून पुण्याला धाडलं. पण स्वतःच्या हौसेची म्हणावी अशी वस्तू त्याच्याकडं ही एकच. गावाला, दुधनीला जायचं तर एसटी दारासमोरनं जात असली तरी तो येझदीवरच जायचा.

विजापूर वेशीतल्या येडू मेकॅनिकनं मूठ उघडली, पुसली, ग्रीस लावलं. “अण्णा, लोण्यासारखी फिरतीय की,” तो म्हणाला. नागप्पानं पिळून बघितली. त्याला ती तशीच जड लागली. मग त्यानं डाव्या हातानं पिळली. ती सहज फिरली.

पुढं तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा स्नायू सुकत जाण्याचा आजार आहे. हातापासून सुरू झालाय, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. बरं करणारं औषध नाही. हात चालतोय तोवर चालता ठेवा, एवढंच.

मग एकदा जेवताना, भाकरीचा तुकडा मोडायला झगडत असताना नागप्पा म्हणाला, “मूठ बदलून घेतो.”

“आता कशाला?”

“हात बदलता येत न्हाय. मूठ तर येती की.”

येडूनं पुण्याहून मुठी मागवल्या आणि गॅरेजात गोणपाटावर मांडल्या. एक अंगठ्यानं दाबायची होती, पण नागप्पाचा अंगठा आधीच गेला होता. दुसरी जराशी पिळली की गाडी पळणार, पण पिळायला जड. तिसरी अगदी हलकी, फक्त मूठ दोनदा धरून मनगट फिरवावं लागणार. नागप्पा एकेक मूठ हातात घेऊन डोळे मिटून फिरवत राहिला. दुकानात पंपाचा पार्ट निवडताना तो असाच बसायचा. आजार कळल्यापासून त्याचा चेहरा एवढा मोकळा दाक्षायणीनं पाहिला नव्हता.

“ही,” तो तिसरीवर हात ठेवून म्हणाला. “लांब पिळावं लागंल, पण पिळंल. एकदा दुधनीला जाऊन येतो. एकटा.”

“आन् ब्रेक कोण धरणार?”

“पायाचा हाय की.”

दुधनीला जाणाऱ्या अक्कलकोट रोडवर उसाचे ट्रक चालतात, ते दाक्षायणीला माहीत होतं. रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर तोच रस्ता होता. सकाळी भाजीला म्हणून ती निघाली आणि थेट गॅरेजात गेली.

“येडू, मूठ ती बसव. पण आतली स्प्रिंग दणकट घाल. त्यांना पिळता येता कामा न्हाय.”

येडूनं हातातला पाना खाली ठेवला. “वैनी, असं कसं? अण्णांना कळलं तर?”

“ट्रकखाली गेल्यावर कळून काय करू मी?”

तो बराच वेळ घुटमळला. शेवटी “तुमच्या शब्दावर करतो,” म्हणाला.

गाडी घरी आली. नागप्पानं धुतलेला शर्ट घातला होता. येडूनं किक मारून दिली. नागप्पानं मूठ धरली आणि पिळली. हलली नाही. मनगटाला झटका देऊन पाहिलं. डावा हात उजव्यावर ठेवला, मग काढून घेतला.

“हात गेला,” तो म्हणाला. येडू जमिनीकडं बघत उभा राहिला.

दाक्षायणीला आधी सुटल्यासारखं वाटलं. पण त्या दिवसापासून नागप्पानं उजवा हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. आदल्या दिवसापर्यंत तो सांडत का होईना, स्वतः जेवत होता. आता ताट आलं की “भरव” म्हणायचा. व्यायामाचा रबरी चेंडू त्यानं फळीवर ठेवून दिला. “काढू का?” तिनं विचारलं की म्हणायचा, “बॅडा.” नको. राग आला की तो कानडीत बोलायचा, पण आता त्यात रागही नव्हता.

महिन्यानं डॉक्टरांनी हात तपासला आणि कपाळाला आठ्या घातल्या. “हात वापरणं का बंद केलंत? ताकद होती की. न वापरल्यामुळं भराभर चाललीय.”

परत येताना रिक्षात दाक्षायणीनं सगळं सांगून टाकलं. स्प्रिंग, येडू, ट्रक, सगळं. नागप्पा बाहेर बघत होता. घराचं दार लावल्यावर तो बोलला.

“ट्रकखाली मेलो असतो तर मी मेलो असतो. माझं मी. तू मला जित्तेपणी बसवलंस.”

“मला भ्या वाटलं ओ.”

“मला न्हाय वाटलं व्हय?”

दुसऱ्या दिवशी येडूनं खाली मान घालून स्प्रिंग काढली, हलकी घातली. नागप्पानं मूठ पिळली. ती फिरली, पण जेमतेम, आणि बोटं सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. महिन्याभरापूर्वी काय झालं असतं, ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

त्यानंतर दाक्षायणीच्या हातचा घास त्यानं घेतला नाही. दुधनीहून त्याची बहीण नीलम्मा आली, ती भरवायची. दाक्षायणी स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, आणि ताट नीलम्माच्या हातात देऊन दारात उभी राहायची. मुलगा पुण्याहून आला की विचारायचा, “आई, काय झालंय तुमचं?” ती म्हणायची, “आजारानं चिडचिड होती बाबा.”

उन्हाळ्यात पाय गेले. मग बोलणं गेलं. हो असेल तर डोळे एकदा मिटायचे, नाही असेल तर दोनदा, अशी रीत पडली.

एका दुपारी नीलम्मा दळण आणायला गेली होती. दाक्षायणी खाटेजवळ स्टुलावर बसली. किती दिवस मनात घोळवलेलं ती एका दमात बोलली. “तुमी मला माफ केलं का?”

नागप्पानं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले.

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. तिनं त्याच्या हनुवटीवरची लाळ पदरानं पुसली.

“बरं,” ती म्हणाली.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागे, आणि ते एरवी नीलम्मा करायची. दाक्षायणीनं त्याच्या खांद्याखाली हात घातला, दुसरा कमरेखाली, आणि त्याला हळूच खिडकीकडं वळवलं. तो फार हलका झाला होता.