दिवसा ओढलेला पडदा

मी एक जुना पडदा आहे. जाड कापडाचा, गडद निळा, मागून काळं अस्तर लावलेला. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी शांतपणे आणि गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असेल. पण मी वैतागलेलो आहे, आणि का वैतागलो ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मला या घरातल्या आईने शिवलं. तेव्हा ती कोणाची आई नव्हती. नुकतं लग्न होऊन आलेली, शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवणारी बाई होती. तिच्या नवऱ्याला छापखान्यात कायमची रात्रपाळी लागली होती. संध्याकाळी आठला तो जायचा, पहाटे साडेपाचला यायचा आणि झोपायला गेला की खिडकीतलं ऊन थेट त्याच्या डोळ्यांवर यायचं. आठ दिवस त्याचे लाल डोळे पाहिल्यावर तिने कोटाचं उरलेलं जाड कापड काढलं, त्याला अस्तर जोडलं आणि कडांना दुहेरी शिवण घातली. मला पहिल्यांदा खिडकीवर ओढलं तेव्हा तो भरदुपारी चाचपडत पलंगापर्यंत गेला आणि म्हणाला, "अगं, तू तर रात्रच शिवलीस की!"

त्या कौतुकावर मी चार वर्षं काढली. तो घरी आला की मला ओढायचं, मग घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, मशीन चालवायची नाही, भांडं आपटायचं नाही. दारावरच्या घंटीची तारसुद्धा काढून ठेवलेली होती. घर असं माझ्या तालावर चालायचं. मला त्याचा गर्व होता, कबूल करतो.

मग बाळ झालं. मुलगी.

आई तिला दवाखान्यातून घेऊन आली तेव्हा मदतीला बाबांची मोठी बहीण आली. बाळाची आत्या. आयुष्यभर शाळेत घंटा देण्याचं काम केलेली बाई. तास कधी सुरू होतो, कधी संपतो, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? मला वाटलं, आता सगळं वेळेवर होईल. कसलं काय!

सकाळी साडेसहाला मला ओढायचे. माझ्या अंधारात बाबा घोरायचे आणि त्याच खोलीत, त्याच अंधारात पाळण्यातली मुलगीही झोपायची. सात वाजले, दहा वाजले, बारा वाजले. घरात टाचणी पडल्याचा आवाज नाही. आई दोनदा येऊन पाळण्यात डोकावायची.

"ताई, उठवू का हिला? दूध पिऊन पाच तास झाले."

"अगं, झोपलेल्या बाळाला कोणी उठवतं का? गुणाची आहे पोर. झोपू दे."

गुणाची! मी खिडकीवर लटकून दात खायचो. दात नाहीत मला, पण खायचो.

संध्याकाळी बाबा कामावर गेले की ही गुणाची पोर डोळे टक्क उघडायची. दिवसभराची भूक एकदम आठवायची. दर अर्ध्या तासाने दूध. मध्येच रडणं. रडली की आत्या ट्यूबलाईट लावायची, खुळखुळा वाजवायची, टाळ्या वाजवून बडबडगीत म्हणायची. आणि पोर? हातपाय झाडत आनंदाने बघत बसायची. का नाही बसणार? तिच्या लेखी दिवस उजाडला होता. उजेड आहे, माणसं आहेत, गाणी आहेत!

वर साडेपाचला बाबा यायचे. नखांत शाई, अंगाला कागदाचा वास. हात धुऊन थेट पाळण्याकडे. "माझी घुबडराणी जागी आहे का?" मग तासभर खेळ. नाकाला नाक, पोटावर फुर्रर्र. तो तास संपला की मला ओढायचं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मित्रांनो, उजेड म्हणजे दिवस आणि अंधार म्हणजे रात्र, एवढंच त्या जिवाला शिकायचं होतं. या घरात तिला बरोब्बर उलटं शिकवलं जात होतं आणि फळ्याच्या जागी मला टांगलं होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मी फक्त कडीत अडकून बघायचो. सकाळी मला ओढताना मी मुद्दाम अडकायचो. त्यावर आत्या म्हणायची, "तेल लावायला हवं याला."

तीन आठवड्यांत आईचं तोंड चिमणीएवढं झालं. दिवसा बाळ झोपायचं तेव्हा ती लंगोट धुवायची, लोकांचे अडकलेले कपडे हाताने शिवायची. रात्री झोपायला मिळायचं नाही. एक दिवस आत्या बाजारातून पावडरच्या दुधाचा डबा घेऊन आली आणि टेबलावर ठेवला.

"तुझं दूध पुरत नाही, दुसरं काय? रात्रभर चिकटलेली असते पोर."

आईला स्वतःचं दूध पाजायचं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती त्या डब्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "आजची रात्र बघते. उद्यापासून तुम्ही म्हणाल तसं."

त्या रात्री आत्याही दमून झोपली. पहाटे पाचच्या पुढे आई खुर्चीत बसून पाजत होती. तिची मान एकदा लवली, सावरली, पुन्हा लवली. मग सावरली नाही. हाताची पकड सैल झाली. बाळ मांडीवरून इंच इंच घसरत गुडघ्यापर्यंत आलं. मला दिसत होतं. मी कापड आहे, मला हात नाहीत. माझ्या आयुष्यात मी इतका निरुपयोगी कधी ठरलो नव्हतो.

दार उघडलं. बाबा आले. शाईचे हात न धुताच त्यांनी झेप घेऊन बाळ उचललं. आई दचकून जागी झाली, रिकाम्या मांडीकडे पाहिलं आणि जी रडायला लागली, ती थांबेचना.

त्याच सकाळी आरोग्य केंद्रातली नर्स घरी आली. बाबांनीच फोन केला होता. ती आत आली आणि दारातच ठेचकाळली.

"काय हो, एवढा अंधार! फोटो धुता का इथे?"

"श्श! बाळ झोपलंय," आत्या म्हणाली.

"झोपलेल्या बाळाचंही वजन होतं, ताई." तिने वजन केलं, आकडा बघून मान डोलावली. "दिवसाला लंगोट किती ओले होतात?"

"सात-आठ तरी," आई म्हणाली.

"मग दूध पुरतंय. भरपूर पुरतंय. ती फक्त चुकीच्या वेळेला पितेय." नर्सने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. "रात्रपाळी तुमची ना? मग हिची नेमणूक कधी झाली छापखान्यात?"

खोलीत कोणी हसलं नाही. मी मात्र मनातून उड्या मारल्या. इतक्या दिवसांत पहिली शहाणी बाई!

नर्स पलंगाच्या कडेवर बसली. "दिवसा उजेड हवा, घरातले नेहमीचे आवाज हवेत. दोन-तीन तास झाले की उठवून पाजायचं. रात्री मंद दिवा. पाजायचं, ढेकर काढायची, पाठीवर झोपवायचं. गप्पा नाहीत. ती उठणार, पोट एवढंसं आहे तिचं. रात्रीचं दूध बंद करायचं नाही, रात्रीची करमणूक बंद करायची." मग आईला म्हणाली, "डोळे मिटायला लागले तर खुर्चीत बसायचं नाही. बाळ दुसऱ्याकडे द्यायचं."

"आणि पहाटे?" बाबांनी विचारलं. "मी येतो तेव्हा?"

"पहाटे म्हणजे तिची रात्रच."

बाबा खाली बघत म्हणाले, "दिवसभरात तेवढाच तर तास मिळतो मला."

नर्सचा आवाज जरा खाली आला. "दुपारी चारला जागी असेल ती. तुम्ही चारला उठा."

बाबांनी स्टुलावर चढून मला खाली उतरवलं. मागच्या लहान खोलीत कापडाचे गठ्ठे होते, ते एका बाजूला सारून त्यांनी तिथे गादी टाकली आणि मला तिथल्या खिडकीवर टांगलं. मोठ्या खोलीत ऊन आलं. दहा वाजता आईची शिलाई मशीन खडखडायला लागली. चार वर्षांत पहिल्यांदा, दिवसाढवळ्या.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. तिसऱ्या रात्री पोरीने घर डोक्यावर घेतलं. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"जरा लाईट लाव गं, घाबरली असेल!"

"नाही लावायची, ताई. मी आहे ना जवळ."

"कसला हा हट्ट!"

"हट्टच समजा."

पुढच्या आठवड्यात टाळ्या बंद झाल्या. आत्या आता दिवसा घड्याळ बघून पाळण्याशी हजर होते. "चला, दुधाचा तास झाला!" जुनी सवय अखेर कामाला आली. पोर अजूनही रात्री दोन-तीनदा उठते, पण डोळे मिटूनच पिते आणि झोपते. डबा आत्याने न उघडताच दुकानात परत दिला.

परवा दुपारी बाबांची आरोळी ऐकू आली. "अरे, हिच्या कानामागे तीळ आहे! मला कोणी सांगितलं नाही!"

"ट्यूबलाईटमध्ये दिसणार कसा?" आई म्हणाली. ती हसत होती.

मित्रांनो, तुमच्या घरी नवं बाळ आलं, तर माझ्यासारख्याला सकाळी बाजूला सारा. दिवसा मोठ्याने बोला, भांडी वाजवा. रात्री मात्र दिवे लावून त्याच्यापुढे नाचू नका. आणि त्याच्या आईला झोपू द्या. हे सांगायला कापडाच्या तुकड्याला तोंड उघडावं लागतं, याचंच मला नवल वाटतं.

आज पहाटे बाबा आले तेव्हा मोठ्या खोलीत सगळे झोपलेले होते. दोन्ही खोल्यांमधलं दार अर्धं उघडं होतं. ते पाळण्याशी उभे राहिले, हात पुढे केला, मागे घेतला. मग इथे येऊन गादीवर पडले. घड्याळाचा गजर चारचा होता, तो त्यांनी पावणेचारचा केला. आता तो गजर वाजेपर्यंत कृपा करून मला कोणी हात लावू नका.